हा कागद कोण वाचतं?

रिमांड यादीला, म्हणजे अटक केलेल्यांना कोठडीसाठी दंडाधिकाऱ्यांपुढे आणताना जी यादी येते तिला, जोडून येणाऱ्या कागदांची थप्पी गेल्या काही वर्षांत चांगलीच जाड झाली आहे. एफआयआरची प्रत, अटक फॉर्म, नातेवाइकाला अटकेची खबर दिल्याची नोंद, वैद्यकीय तपासणीचा दाखला, अटक का गरजेची होती याचा छापील तक्ता, अटकेची कारणं मिळाल्याची आरोपीची सही, स्टेशन डायरीचा उतारा. मी विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीवर आहे. ज्यांना वकील नसतो त्यांच्यासाठी उभी राहते. ही थप्पी हातात पडते तेव्हा पुकारा व्हायला फारसा वेळ उरलेला नसतो. तरी एक खोड लागली आहे. कागद उलटताना तो मुळात कुठून आला हे मनात येतंच. यातल्या बहुतेक कागदांच्या मागे कुणीतरी, कधीतरी, मार खाल्लेला आहे.

महिला आरोपीची चौकशी महिला पोलिसांच्या समोरच व्हावी, हे आज कुणाला नवं वाटत नाही. तो दंडक मुंबईतून आला. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगातल्या 15 स्त्री-कैद्यांच्या मुलाखती घेतल्या, त्यांतल्या 5 जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बारसेंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयाने पत्रालाच याचिका मानलं, निर्मला निकेतनच्या संचालिकांना तुरुंगात पाठवून अहवाल मागवला आणि 1983 मध्ये निर्देश दिले. स्त्रियांसाठी वेगळी कोठडी, तिथे महिला शिपाई, अटक झाली की विधी सहाय्य समितीला लगेच खबर. त्यातला एक निर्देश मला सगळ्यांत जास्त आवडतो आणि त्याचीच आठवण सगळ्यांत कमी निघते: मुंबईच्या सत्र न्यायालयातल्या एका न्यायाधीशाने, शक्यतो महिला न्यायाधीशाने, अधूनमधून न सांगता पोलीस कोठड्यांत जाऊन पाहावं. म्हणजे नियम पाळला जातो का हे कागदावरून ठरवायचं नव्हतं. कुणीतरी उठून तिथे जायचं होतं.

1986 मध्ये पश्चिम बंगालच्या विधी सहाय्य संस्थेचे कार्याध्यक्ष डी. के. बसू यांनी कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या जोडून सरन्यायाधीशांना पत्र पाठवलं. निकाल लागला डिसेंबर 1996 मध्ये. दहा वर्षं. त्या निकालातल्या 11 सूचना आज बहुतेक पोलीस ठाण्यांत फलकावर लावलेल्या दिसतात. अटक करणाऱ्याच्या छातीवर स्पष्ट वाचता येईल अशी नावाची पट्टी, अटकेचा मेमो आणि त्यावर घरच्या किंवा परिसरातल्या एका प्रतिष्ठित माणसाची साक्ष, अंगावरच्या जखमांची नोंद, दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी, 12 तासांत नियंत्रण कक्षाला खबर.

आताच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात 1972 मध्ये एका आदिवासी मुलीवर झालेला अत्याचार, 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयातून सुटलेले दोन पोलीस, 1979 मध्ये चार कायदेशिक्षकांनी न्यायालयाला लिहिलेलं खुलं पत्र आणि 1983 मध्ये बदललेला बलात्काराचा कायदा, हीही त्याच माळेतली गोष्ट. मुंबईतल्या चकमकींवरून 2014 मध्ये आलेल्या 16 सूचना तशाच. आपल्याकडे पोलिसांवरचा नियम असाच येतो. आधी बातमी, मग पत्र, मग याचिका, मग निकाल, मग महासंचालकांचं परिपत्रक आणि शेवटी ठाण्यातल्या झेरॉक्स मशीनमधून बाहेर पडणारा एक नवा फॉर्म. जुना फॉर्म मात्र कुणी काढून घेत नाही. तो खाली राहतो, नवा वर बसतो.

या नियमांचा आढावा घ्यायची वेळ आली की प्रश्न एकच विचारला जातो: नियम पाळला जातो का? वरिष्ठांच्या वार्षिक तपासणीत रजिस्टरं पाहिली जातात, रकाने भरलेत का, सह्या आहेत का, पानांना क्रमांक आहेत का. उत्तर बहुधा होकारार्थी येतं, आणि ते खोटंही नसतं. कागद खरोखरच असतो. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे, आणि कोर्टाच्या व्हरांड्यात उभं राहून राहूनच तो तयार झाला आहे. हा कागद नक्की कुणी वाचायचा आहे? त्याला वाचायला वेळ दिला आहे का? आणि वाचून काही खटकलं, तर त्याच्या हातात काय आहे?

अर्णेश कुमार निकालाचंच घ्या. जुलै 2014. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात ऊठसूट अटक करू नका, आधी नोटीस द्या, असं संसदेने दुरुस्ती करून आधीच सांगितलं होतं आणि नोव्हेंबर 2010 पासून ते लागूही होतं. पोलीस ऐकत नव्हते. म्हणून न्यायालयाने तपासी अंमलदाराला एक तक्ता भरायला लावला. पुढचा गुन्हा रोखायचा आहे, तपास नीट व्हायचा आहे, पुरावा नष्ट होण्याची भीती आहे, साक्षीदारांवर दबाव येईल, आरोपी कोर्टात हजर राहणार नाही. यांपैकी जे कारण असेल ते मांडा, त्याला आधार द्या, आणि तक्ता दंडाधिकाऱ्यांपुढे ठेवा. दंडाधिकारी तो वाचून समाधान झाल्याचं नोंदवतील, मगच कोठडी. दोघांपैकी जो चुकेल त्याच्यावर खातेनिहाय कारवाई. पोलिसांवर वर न्यायालयाच्या अवमानाचीही टांगती तलवार.

कागदावर इतका नीट बांधलेला नियम दुसरा नसेल. लिहिणारा ठरलेला, वाचणारा ठरलेला, दोघांनाही धाक. प्रत्यक्षात माझ्यासमोर येतो तो तक्ता छापील असतो आणि त्यात पाचही रकान्यांत बरोबरची खूण असते. मोबाइल चोरणाऱ्या पोरालाही पाच, भावकीच्या बांधावरून डोकं फोडणाऱ्यालाही पाच. एकदा एका हवालदारांना मी विचारलं, अहो दादा, हा माणूस साक्षीदारांवर दबाव कसला आणणार, साक्षीदार त्याचा मालक आहे. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, एक रकाना रिकामा ठेवला तर साहेब विचारतात रिकामा का. पाचही भरले तर कुणी काहीच विचारत नाही."

यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. त्यांनी आपल्या कागदाचा खरा वाचक कोण ते अचूक ओळखलं होतं. तो कोर्टात नव्हता, ठाण्यातच होता, आणि तो फक्त रकाने मोजत होता. इकडे सुट्टीनंतरच्या दिवशी रिमांडची रांग दाराबाहेर जाते. पीसीआर (पोलीस कोठडी) की एमसीआर (न्यायालयीन कोठडी), एवढ्यावर गाडी पुढे सरकते. काही दंडाधिकारी तक्ता वाचतात, थांबतात, "आधार कुठे आहे?" असं विचारतात. अशा कोर्टात नेमणूक असलेले अंमलदार महिन्याभरात सुधारतात, हे मी पाहिलं आहे. दंडाधिकाऱ्यांची बदली झाली की पाच खुणा परत येतात.

पंचांची गोष्ट याहून जुनी आणि मला विचाराल तर याहून मजेशीर. इंग्रजांनी पोलीस उभे केले 1861 च्या कायद्याने, पण त्यांच्या शब्दावर विश्वास मात्र ठेवला नाही. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालणार नाही, असं 1872 च्या पुरावा कायद्यातच लिहून टाकलं. झडती घ्यायची तर परिसरातले किमान दोन प्रतिष्ठित रहिवासी सोबत हवेत, ही अट 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती आणि 1973 च्या संहितेतही कायम राहिली, वर 'स्वतंत्र' हा शब्दही जोडला गेला. कल्पना चांगलीच होती. पोलिसाला वाचणारा माणूस रस्त्यावरचा, पगारी नसलेला. पण रात्री अकरा वाजता कुठला प्रतिष्ठित रहिवासी चपला घालून येतो? नकार देणं हा गुन्हा ठरवला, तरी कुणी यायला तयार होईना. मग ठाण्यासमोरचा पानवाला आला, रिक्षावाला आला, आणि तीच दोन नावं पंचनाम्यामागून पंचनाम्यात दिसू लागली. उलटतपासणीत वकिलांना आयतं कोलीत मिळालं. त्यावर उतारा म्हणून गंभीर गुन्ह्यांत सरकारी कर्मचारी पंच म्हणून घ्यायची पद्धत महाराष्ट्रात आली. आता तहसीलमधला लिपिक पंच असतो. तो फितूर होत नाही, पण तो परिसरातलाही नसतो, आणि साहेबांचा फोन आल्यावर आलेला माणूस स्वतंत्र कितपत, हे ज्याचं त्याने ठरवावं.

1 जुलै 2024 पासून 1973 च्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि कलम 105 ने झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं केलं. ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं. ई-साक्ष्य नावाचं ॲप आलं. मी या तरतुदीच्या बाजूची आहे, कारण चाकू गादीखाली सापडला की खिशातून काढून गादीखाली ठेवला, हे पंचापेक्षा कॅमेरा बरा सांगतो. पण पुन्हा तेच. विनाविलंब पाठवलेलं चित्रण विनाविलंब पाहायचं कुणी, यावर कलम गप्प आहे. खटला उभा राहीपर्यंत बहुधा कुणीच नाही.

पोलीस ठाण्यातल्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांच्या बाबतीत तर न्यायालयाने वाचकसुद्धा नेमून दिला होता. डिसेंबर 2020 चा परमवीर सिंग सैनी निकाल. प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडा, निरीक्षकांची खोली, ठाण्याची मागची बाजू, स्वच्छतागृहाच्या बाहेर. एकही कोपरा सुटता कामा नये. रात्री दिसणारं चित्र, सोबत आवाज, साठवण 18 महिने. जिल्ह्याच्या देखरेख समितीला एक काम असं दिलं की जे वाचून मी चकित झाले होते: तक्रार झाली नसली तरी साठवलेलं चित्रण पाहा आणि मानवी हक्कांचा भंग कुठे झालाय का ते शोधा. तक्रारीशिवाय पाहायचं! केवढी मोठी गोष्ट. फक्त ही समिती कुणाची? विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, महापौर किंवा जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. यांपैकी कोण, कुठल्या दुपारी, एखाद्या तालुक्याच्या ठाण्यातल्या मागच्या खोलीचं मंगळवार रात्रीचं चित्रण उघडून बसेल? 2025 च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाला बंद कॅमेऱ्यांची दखल स्वतःहून घ्यावी लागली, आणि तीही कोठडीतल्या मृत्यूंच्या बातमीवरून. पुन्हा बातमी. चक्र जिथून सुरू होतं तिथेच.

आता उलट बाजू. ठाण्यात असा एक कागद आहे की जो दर महिन्याला न चुकता वाचला जातो, बारकाईने, लाल पेनाने. गुन्हे आढावा बैठकीचा तक्ता. मागच्या वर्षी याच महिन्यात घरफोड्या किती, यंदा किती, उघड किती. आकडा वाढला की प्रभारी अधिकाऱ्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं. दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) खबर आली तर गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2013 मध्ये ललिता कुमारी निकालात सांगितलं. या दोन आज्ञांमध्ये कुठली जिंकते, ते ज्याचा मोबाइल बसमध्ये गेलाय त्याला विचारा. "हरवला असं लिहा ना, सिमकार्ड लगेच मिळेल." घटनापीठाचा निकाल कुणी मुद्दाम तुडवत नाही. त्या निकालाला ठाण्यात रोज पाहणारा कुणी नाही, आणि बैठकीच्या तक्त्याला आहे, एवढाच फरक. कुठल्याही कायद्यात न लिहिलेला हा नियम सगळ्या लिखित नियमांवर स्वार झालाय. पोलिसांवरच्या बंधनांचा आढावा घेणाऱ्याने खरं तर इथून सुरुवात करावी. आकडा वाढला तर जाब, या प्रथेऐवजी आलेल्या तक्रारींपैकी किती नोंदवल्या याचा जाब सुरू केला, तर एकाही नव्या निकालाविना बराच फरक पडेल.

आणि हे सगळं करायचं कुणी? ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी थोडा वेळ बसलं की कळतं. अटकेचा मेमो, डायरी, वैद्यकीय तपासणीला आरोपीला नेणं, सीसीटीएनएस या पोलिसांच्या संगणक प्रणालीवर नोंद, चित्रीकरण, त्यात मध्येच सभेचा बंदोबस्त. मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात 2016 मध्ये आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग झाला. त्याचा आराखडा एका शिपायाने करून दिला होता, आणि आयुक्तांनी तो ऐकला, याचं मला अजून अप्रूप वाटतं. तोवर बारा तासांची पाळी ही काही बातमी नव्हती. बारा तास उभ्या असलेल्या माणसाच्या हातात आपण मानवी हक्कांचे फॉर्म देतो आणि त्याने ते मन लावून भरावेत अशी अपेक्षा ठेवतो. बेड्यांचंच पाहा. 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरसकट बेड्या घालणं अमानुष ठरवलं, ते योग्यच होतं. पण आरोपी पळाला तर निलंबन होतं सोबतच्या शिपायाचं. त्यामुळे दोरी, हाताला हात, काय काय उपाय चालू राहिले. नव्या संहितेने ठरावीक गंभीर गुन्ह्यांत बेड्या परत आणल्या. मला ते पटलेलं नाही, पण कुठल्याही शिपायाने त्याबद्दल हळहळ व्यक्त केल्याचं ऐकलं नाही, आणि का, हेही समजतं.

वर जावं तसं नियम पाळण्याची रीत बदलते. शिपायावरचा नियम फॉर्म होतो. सरकारवरचा नियम दुरुस्ती होतो. माजी महासंचालक प्रकाश सिंह यांनी 1996 मध्ये याचिका केली, 22 सप्टेंबर 2006 रोजी निकाल आला, सात निर्देश. त्यांतला गाभा असा की पोलिसांवर राजकीय हात नको: अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षांचा कार्यकाळ, बदल्यांसाठी आस्थापना मंडळ, राज्य आणि जिल्हा पातळीवर तक्रार प्राधिकरण. महाराष्ट्राने 2014 मध्ये आपल्या पोलीस कायद्यात बदल केले. कार्यकाळ लिहिला. त्याच कलमात खाली अपवादही लिहिला: लोकहितासाठी आणि प्रशासकीय निकडीसाठी मुदतीआधी बदली करता येईल. प्रशासकीय निकड म्हणजे काय, हे ज्याची बदली झाली त्यालाच नीट ठाऊक असतं. तक्रार प्राधिकरण जिल्ह्याऐवजी विभागाला दिलं. गडचिरोलीच्या टोकावरच्या गावातल्या माणसाने ठाण्याविरुद्ध तक्रार घेऊन विभागाच्या ठिकाणी जायचं म्हणजे दोन दिवसांची मजुरी गेली. प्राधिकरण कागदावर आहे, हे मात्र कुणी नाकारू शकत नाही.

मला कुणी आढावा घ्यायला बसवलंच, (कुणी बसवणार नाही) तर मी नवा एकही फॉर्म सुचवणार नाही. वैद्यकीय तपासणीचा दाखला ठेवीन, पण तपासणीच्या वेळी पोलिसाला दाराबाहेर उभं करीन. जखम नाही असं लिहिणाऱ्या डॉक्टरसमोर, ज्याने मारलं तोच उभा असेल तर आरोपी बोलणार काय? पाच खुणांचा छापील तक्ता रद्द करून त्याजागी तपासी अंमलदाराने हाताने लिहिलेली चार ओळींची कारणं मागीन; खूण करायला विचार लागत नाही, वाक्य लिहायला थोडा तरी लागतो. जिल्ह्याच्या कॅमेरा समितीत अधीक्षकांऐवजी विधी सेवा प्राधिकरणाचा एखादा पूर्णवेळ वकील घालीन, आणि दर महिन्याला कुठल्या ठाण्याचं कुठल्या रात्रीचं चित्रण पाहायचं ते चिठ्ठी टाकून ठरवीन. 1983 च्या निर्देशातली, आधी न कळवता कोठडीत जाऊन पाहणारी ती न्यायाधीश परत आणीन. नावाच्या पट्टीला हात लावणार नाही. बसूंच्या 11 सूचनांपैकी सगळ्यांत स्वस्त तीच आणि बऱ्यापैकी चालते, कारण तिचा वाचक समोरच उभा असतो आणि गरज पडली की तो नाव पाठ करतो.

असाच, वाचणाऱ्याला धरून केलेला एक नियम अलीकडे आला आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये मुंबईतल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अटकेची कारणं लेखी द्यायची, कुठल्याही गुन्ह्यात, आरोपीला समजेल त्या भाषेत; अटकेच्या क्षणी जमलं नाही तरी दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करण्याच्या किमान दोन तास आधी कागद त्याच्या हातात हवा. नाहीतर अटक बेकायदा. हे दोन तास माझ्यासाठी फार मोठे आहेत. दोन तासांत मी आरोपीशी बोलू शकते, त्याच्या भावाला फोन लावू शकते, अटकेची वेळ आणि घरातून उचलल्याची वेळ ताडून पाहू शकते. पहिल्यांदाच कुणीतरी कागदासोबत तो वाचायला लागणारा वेळही मोजून दिला आहे.

आता अडचण भाषेची आहे. ऊसतोडीला, वीटभट्टीवर, बांधकामावर आलेली माणसं कुठून कुठून येतात. एखादा फक्त ओडिया जाणतो, एखादी गोंडीच बोलते, कुणाला अक्षरओळखच नाही. तपासी अंमलदार मराठीत कारणं लिहितात, मोबाइलवर भाषांतर करतात, छापतात आणि अंगठा घेतात. समजलं का, असं विचारल्यावर आरोपी मान हलवतो, कारण पोलीस ठाण्यात मान हलवायची असते एवढं त्याला कुठल्याही भाषेत ठाऊक असतं. ठाण्यांना दुभाषे लागतील, त्यांची यादी लागेल, रात्री येण्याचा मोबदला लागेल. ती यादी विधी सेवा प्राधिकरणाने करावी की पोलिसांनी, यावर आमच्याकडे सध्या वाद चालू आहे. माझं मत प्राधिकरणाच्या बाजूने आहे. पोलिसांनी केली तर ठाण्यासमोरचा तोच पानवाला उद्या दुभाषा म्हणून सही करायला येईल.